आईंच्या लुगड्याचा परकर

ग्वाल्हेरला लष्करात आमचे जुने घर आहे आणि त्या घराच्या माडीवर एक पत्र्याची ट्रंक आहे. सासूबाईंना जाऊन चौदा वर्षे झाली. त्यांच्या वस्तू ज्याच्या त्याला देऊन झाल्या. ट्रंकेत राहिले ते एक नऊवारी चंदेरी लुगडे. अंग बदामी, काठ जांभळे, काठाच्या आतल्या बाजूने बोटभर जर. तेरावे उरकून आमच्या वन्सं इंदूरला परत निघाल्या तेव्हा उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “आईचं ते चंदेरी कुणाला देऊ नका, आणि मोडूही नका.” एवढे बोलून त्या रिक्षात बसल्या. का मोडायचे नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघी जावा. थोरली सांगते, धाकटी लिहिते, आणि लिहिलेले वाचून थोरली त्यातले निम्मे खोडते. तेव्हा या लेखात जे उरले आहे ते दोघींना मान्य आहे, असे वाचकांनी समजावे.

लुगडे आम्ही जपले. पण जपण्याची रीत चुकली, हे कबूल केले पाहिजे. मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवले, कडुनिंबाचा पाला घातला, डांबरगोळ्या जरीला लागू दिल्या नाहीत. परंतु दर वर्षी बाहेर काढून ऊन दाखवायचे आणि पुन्हा जुन्याच घडीवर घालून ठेवायचे, असा आमचा क्रम होता. आई घालीत तशीच घडी असावी, ही आमची समजूत. जुने रेशीम वर्षानुवर्षे एकाच रेषेत दुमडलेले राहिले की त्या रेषेवर तुटते. जर असेल तिथे अधिकच, कारण धातूची तार शेजारच्या धाग्याला कापीत जाते. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदलावी, किंवा सरळ नळीवर गुंडाळून ठेवावे. हे आम्हांला कळले तेव्हा लुगड्याच्या मधोमध, काठापासून काठापर्यंतच्या ऐन मध्यावर, उभी चीर पडू लागली होती. आडव्या घड्यांवरही ठिकठिकाणी जाळी दिसत होती. जुनी जर विकत घेणारे फेरीवाले गल्लीतून हाक देत जातात. त्यांच्यापैकी एकाने ओसरीवर वाळत टाकलेला पदर पाहून भावही सांगितला होता. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी फारसे बोललो नाही.

मग गेल्या वैशाखात थोरलीच्या नातवाची मुंज ठरली. मुलगा-सून पुण्याला असतात. पण मुंज ग्वाल्हेरलाच, या घरातच करायची असे त्यांनी ठरवले. नात आठ वर्षांची. तिला भावाच्या मुंजीत परकर-पोलके हवे होते; आणि बाजारचे तयार नको, “आजीने शिवलेलं” हवे होते. आमच्याकडे उषाचे पायमशीन आहे, ते अजून चालते. कापड मात्र कोणते घ्यावे, याचा विचार करता करता दोघींच्याही मनात ट्रंक आली; आणि दोघींनीही ते दोन दिवस बोलून दाखवले नाही.

वन्संना विचारल्यावाचून कात्री लावायची नाही, हे थोरलीचे म्हणणे. धाकटीचे म्हणणे असे की, विचारले तर नाहीच म्हणतील, आणि मग ट्रंकेत त्याचे पीठ होईपर्यंत वाट पाहावी लागेल. अखेरीस फोन केला. वन्संनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “लुगडं तुमच्याकडे आहे. मला काय विचारता?” याला होकार म्हणावा की नकार, हे त्यांच्या माहेरच्या माणसांनाही आजवर ठरवता आलेले नाही. आम्ही तो होकार धरला, पण मनात खात्री नव्हती.

लुगडे सतरंजीवर उलगडले. पूर्वी कधी ते पुरते उलगडून पाहिलेच नव्हते. टेपने मापले तर नऊ वार भरेना, सव्वाआठच भरले. पाऊण वार गेले कुठे? बोटांनी चाचपीत गेलो तेव्हा पदरापासून सुमारे तीन वारांवर एक दंड सापडला. नव्या पिढीसाठी सांगतो: लुगडे मध्येच विरले वा फाटले की तेवढा भाग काढून टाकीत आणि दोन्ही तुकडे काठाला काठ जुळवून पुन्हा जोडीत, त्या जोडाला दंड म्हणत. नेसताना तो निऱ्यांत किंवा काष्ट्यात लपावा अशी योजना असे. हा दंड हाताने घातलेला होता. टाके इतके बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नयेत. आणि काठावर तर जरीची रेष रेषेला अशी भिडवलेली की चौदा वर्षे हाताळूनही आम्हांला पत्ता लागला नव्हता. म्हणजे या लुगड्याला पहिली कात्री आईंनीच लावली होती! थोरलीने कात्री हातात घेतली ती त्यानंतर. (तोवर ती धाकटीकडे, आणि धाकटी तिच्याकडे सरकवीत होती.)

आता कापडाचा हिशेब. नातीची कंबर तेवीस इंच आणि परकराची उंची अठ्ठावीस. लुगड्याचा पन्हा पंचेचाळीस. म्हणजे एका काठापासून मधल्या चिरीपर्यंत साडेबावीस, त्यात चिरीजवळचे दीड इंच भरवशाचे नाही. उरले एकवीस. शिलाईची माया जाता वीसच धरा. आठ इंच कमी पडत होते. यावर तोड अशी काढली की वर पाच इंचांचा सुती पट्टा, जो पोलक्याखाली झाकला जाईल, आणि खाली काठाच्याही खाली साध्या जांभळ्या रेशमाची तीन इंचांची पट्टी. पट्टीचा आणि काठाचा जोड उघडा दिसला असता. त्यावर गोटा लावायचा. अशा रीतीने गोटा हौसेसाठी आला नाही, तो जोड झाकण्यासाठी आला. पुढे पाहता पाहता हौसही झाली, ही गोष्ट वेगळी.

धाकटीला सहा कळ्यांचा घागरा हवा होता. हल्ली मोबाइलवर शिवणकामाच्या पुष्कळ चित्रफिती पाहायला मिळतात, त्यांत तिने तो पाहिला होता. पण कळीची खालची कड कमानीसारखी वळते आणि विणलेला काठ सरळ असतो. तो कमानीवर बसत नाही. बसवायचा तर कापून तिरपे तुकडे जोडावे लागतात. काठ कापायचा नाही, यावर दोघींचे एकमत होते. तेव्हा आपला साधा चुण्यांचा परकर, घेर साडेतीन वार. आडव्या घड्यांवरची जाळी टाळून सलग साडेतीन वारांचा चांगला भाग शोधला, तो नेमका दंडाच्या दोन्ही बाजूंचा निघाला. धाकटी म्हणाली, दंड उसवून मशीनवर टीप मारू या. थोरलीने उसवू दिले नाही. आईंचे टाके आमच्या टिपेपेक्षा मजबूत होते, हे मागाहून धाकटीनेही मान्य केले.

अस्तरावाचून चंदेरीचा परकर होत नाही. चंदेरी गाव आमच्यापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. पण ते जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलेच, त्यामुळे इथल्या मराठी घरांतून चंदेरी लुगडी मोठ्या संख्येने आली. पूर्वी ती निव्वळ अतिबारीक सुताची असत. विसाव्या शतकात ताण्याला रेशीम आले. या रेशमावरचा नैसर्गिक डिंक न काढताच ते विणतात, त्यामुळे कापडाला तो पारदर्शक कडकपणा येतो. २००५ साली चंदेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हापासून नावाचा बोलबाला फार झाला आहे. आईंना लुगडे मिळाले तेव्हा ते सणावाराचे नेसू होते, इतकेच. पारदर्शक कापड नऊवारात घडीवर घडी पडून झाकते. परकरात मात्र पाय दिसतात.

अस्तराला मऊ मलमल आणली, चार मीटर. ती रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवली. हे न चुकता करावे. सुती कापड पहिल्या पाण्यात आखडते. न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर वर चढते आणि वरचे कापड त्याच्याभोवती फुग्यासारखे लोंबते. थोरलीने स्वतःच्या मुलीच्या लहानपणी असा एक फुगा शिवलेला आहे.

तरीही पहिल्यांदा चुकलेच. धाकटीच्या पद्धतीने अस्तर वेगळे, कमी घेराचे शिवले आणि वरच्या परकराशी फक्त कमरेत जोडले. नव्या कापडाला ही पद्धत उत्तम; घेर मोकळा पडतो, कमरेत जाडी होत नाही. पण जुन्या कापडाचे तसे नव्हते. चुण्या ओढून पट्ट्याला टीप मारली आणि जरा ताणून पाहिले, तो टिपेशेजारचे धागे सरकून बारीक झरोके दिसू लागले. सगळी ओढ त्या विरलेल्या रेशमावर येत होती. संध्याकाळ झाली होती, वीज जाऊन आली होती, आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी होते. थोरली काही बोलली नाही. तिने दिवा जवळ ओढला आणि सुईच्या टोकाने एक एक टाका उसवू लागली.

दुसऱ्या दिवशी दुसरी रीत धरली. मलमलीचा चंदेरीएवढाच, साडेतीन वारांचा तुकडा कापला. फरशी पुसून त्यावर मलमल पसरली, वर चंदेरी, आणि मधून कडांकडे जात धावदोऱ्याने दोन्ही एकत्र टाचली, जणू एकच कापड. टाचताना वरचे कापड किंचित सैल ठेवले आणि आतले किंचित ताठ, म्हणजे ओढ लागली तर ती मलमलीला लागावी. खालची कड मात्र मोकळी ठेवली आणि मलमल इंचभर आखूड. नंतर दोन्ही मिळून चुण्या घेतल्या. कमरेला जाडी आली खरी, पण पोलक्याखाली कोण पाहते! आता ताणून पाहिले तरी झरोका दिसेना. मशीनला नऊ नंबरची सुई लावली आणि कापडाखाली बटरपेपरची पट्टी ठेवून टीप मारली. नाहीतर मशीनचे दाते अशा तलम कापडाला आत ओढून घेतात. शिवून झाल्यावर कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, शाई लागते.

शिवणकामात कडेला जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आपण मराठीत ‘माया’ म्हणतो. इथले हिंदी भाषक शिंपी ‘दबाव’ म्हणतात. आम्ही हातशिलाईला तुरपाई म्हणतो आणि त्यावरून पुण्याच्या सूनबाई आम्हांला हसतात. पण माया हा शब्द आम्ही सोडलेला नाही. पट्ट्याच्या आत वर दीड इंच माया दुमडून ठेवली आहे आणि बाजूच्या शिवणीत एक इंच. पोर वाढेल.

गोटा आणायला बाड्याकडे, टोपी बाजारात गेलो. पूर्वी गोटा म्हणजे चपट्या रुपेरी वा सोनेरी तारेचा विणलेला फीत. तो वजनावर विकत आणि जुना झाला की जाळून चांदी काढीत. आता बहुतेक सगळा प्लॅस्टिकच्या झिलईचा. दुकानदाराने पाच-सहा रिळे समोर टाकली. जी अधिक चमके ती धाकटीला आवडे आणि जी काळपट ती थोरलीला. जुन्या जरीशेजारी नवा लखलखीत गोटा ठेवला तर जर मळकी दिसते, हे थोरलीचे म्हणणे लुगड्याचा तुकडा शेजारी धरताच पटले. पाऊण इंच रुंदीचा, फिकट, तांबूस झाकीचा गोटा घेतला, चार मीटर. घेर तेवढा नव्हता. पण गोटा कधी नेमका घेऊ नये.

गोटा लावण्याचे दोन-तीन नियम आहेत. तो ताणला जात नाही आणि कापड ताणले जाते. म्हणून गोटा ओढून लावला की खाली कापडाला सुरकुत्या पडतात. तो किंचित सैल सोडत जावे. दोन्ही कडांची टीप एकाच दिशेने मारावी. एक टीप इकडून आणि दुसरी तिकडून मारली तर फीत पिळवटतो. इस्त्री उलट बाजूने, वर फडके घालून आणि कोमट. प्लॅस्टिकचा गोटा गरम इस्त्रीखाली वितळतो. आमच्या एका नमुन्याचा काळा गोळा झालेला आहे. तिसरा नियम असा की परकराचा घेर बंद करण्याआधी गोटा लावावा, म्हणजे त्याची दोन्ही टोके शिवणीत दडपली जातात. हा नियम आम्हांला ठाऊक होता. पण मुंजीला चार दिवस उरले होते, घरात पाहुणे येऊ लागले होते, आणि बोलता बोलता धाकटीने घेर आधीच बंद करून टाकला. मग गोट्याची टोके एकावर एक ठेवून हाताने टाचावी लागली. ती जागा मागच्या बाजूला घेतली. दुरून दिसत नव्हती.

मुंजीच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी, पण नजर घरभर फिरते. परकर खुंटीला टांगलेला होता. आम्ही दोघी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि बाहेर काय होते ते ऐकत राहिलो. काहीच ऐकू येईना. चहा घेऊन गेलो तेव्हा वन्संनी परकर मांडीवर घेतला होता आणि त्या घेर बोटांतून सरकवीत होत्या, जपमाळ ओढावी तशा. एके ठिकाणी बोट थांबले.

“हा ठेवलात होय,” त्या म्हणाल्या.

थोरली म्हणाली, “आईंनीच घातलेला ना? उसवावासा वाटला नाही.”

वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी सात वर्षांची होते. आरती चालली होती. निरांजन माझ्या हातात होतं आणि मी मागं वळून कुणाशी तरी बोलत होते. आईचं लुगडं लागलं. तिनं हातानंच विझवलं. भाजलं तिला, इथं, मनगटाला.” त्यांनी स्वतःचे मनगट दाखवले. “नवं होतं लुगडं. वर्षही झालं नव्हतं. ती मला एक अक्षर बोलली नाही. रात्री दिवा लावून शिवत बसली होती. मी झोपेचं सोंग घेऊन बघत होते. पुढं जन्मभर ती ते नेसली, पण माझ्यापुढं त्या दंडाचा विषय कधी काढला नाही.”

आईंच्या मनगटावरचा डाग आम्ही दोघींनी पाहिलेला होता. तो स्वयंपाकातला असेल असे आम्ही समजत होतो.

“वन्सं, आधी सांगितलं असतं तर आम्ही कात्री लावली नसती,” धाकटी म्हणाली.

“म्हणून तर नाही सांगितलं,” वन्सं म्हणाल्या आणि चहाचा कप ओढून घेतला. चहा गोड झाल्याची तक्रारही लगेच केली.

मुंजीच्या दिवशी नात तो परकर नेसून सकाळपासून घरभर धावत होती. मातृभोजनाच्या वेळी ती भावाशेजारी बसली. उठताना परकर पाटाच्या खिळ्यात अडकला, आणि गोटा जिथे टोकावर टोक टाचले होते तिथूनच हातभर सुटून आला. पोर रडकुंडीला आली. कापडाला मात्र काही झाले नव्हते. मलमलीने धरून ठेवले होते. धाकटी सुईदोरा आणायला उठली, तोच वन्संनी काठी बाजूला ठेवली आणि नातीला आपल्यापुढे उभी केली.

“द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “मशीनचं काम नाही हे.”

पंगत वाढायची खोळंबली, भटजींनी दोनदा घड्याळ पाहिले, पण वन्संनी घाई केली नाही. गोट्याचे टोक आत दुमडून त्यांनी एक एक टाका घातला, वीतभर उसवले होते तिथे हातभर शिवले, आणि शेवटी दोरा दाताने तोडला. नात मान वळवून मागे पाहण्याचा प्रयत्न करीत होती. तिला त्या “सरळ उभी राहा गं,” म्हणत होत्या. सुईत दोरा तेवढा आम्ही ओवून दिला. नेढे त्यांना आता दिसत नाही.